सतरावा वाफा

आत्याबाई,

तुम्हांला अक्षर ओळखू येत नव्हतं, म्हणूनच बहुधा हे लिहायला माझा हात धजावला. वाचता येत असतं तर मी आणखी दहा वर्षं टाळलं असतं. मी माहेरी चौथी पास होऊन तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही विहिरीवर साऱ्या बायांना सांगितलंत, "सून शिकेल हाय बाप्पा, पण तिले मेथी कोणती अन् लसूणघास कोणता ते नाई समजत." बाया हसल्या, मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही मला दोन्हींची पानं चावायला लावून फरक शिकवलात. आता माझे दात गेले, पण चव अजून ओळखते. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवायचा तर आधी हात आठवावे लागतात. नखांत माती आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी खुरप्याने पडलेला घट्टा.

परवापासून नातसुनेने मागच्या अंगणात वाफे करायला घेतले आहेत. मोबाइलवर बघून करते. विटा लावून उंच वाफे, त्यात दाट भाज्या, आत पाय ठेवायचा नाही, कडेने लसूण. मला म्हणाली, "आजी, ही नवी पद्धत आहे." मी तिला लसणाच्या पाकळ्या सुट्या करून दिल्या. मग काल जेवताना नातू म्हणाला, माती कमी पडते आहे, उजाडाच्या टेकाडावरची पांढरी आणतो, ट्रॉलीने तासाभराचं काम, तिथे लोक खालून खणून नेतातच. मी त्याला काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. त्याच्या आधीचं जे आहे ते तुमचं आहे, आणि ते तुम्हांला सांगायचं राहून गेलं.

तुमचे सोळा वाफे होते. घर आणि विहीर यांच्यामधली ती चिंचोळी पट्टी. या टोकाला कुजबुजलं तरी त्या टोकाला ऐकू यावं एवढीच. तुमचा लेक मलकापूरच्या जिनात, कापसाच्या हंगामात तिकडेच मुक्काम, आणि सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घर चालायचं ते त्या पट्टीवर. गुडघ्यापर्यंत उंच वाफे, कडेला तुरीच्या तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या रोवून विणलेल्या, आणि रुंदी एवढीच की दोन्ही बाजूंनी हात घातला की बोटं मध्ये भेटावीत. वाफ्यात पाय पडलेला तुम्हांला खपत नसे. एकदा शेजारचं वासरू सुटून पालकात शिरलं तेव्हा तुम्ही त्याला नाही, मला बोललात. मेथीच्या ओळींमध्ये मुळा, मुळा उपटला की त्याच जागी सांभार, नातसून ज्याला कोथिंबीर म्हणते तो, सांभार कापला की चवळी. वितभर जागा उघडी दिसली की तुमच्या डोळ्यांत खुपायची. मोताळ्याच्या बाजारात तुमची जुडी बाकीच्यांच्या आधी संपत असे. तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, हुकूम नागपूरहून यायचे; एकदा शेतकी खात्याचा कामदार सायकलवरून आला, वाफ्यांना फीत लावून मोजून गेला. जाताना त्याने विचारलं, बाई, माती कुठली? तुम्ही म्हणालात, "देवानं देल्ली." तो हसला. मी मात्र बघितलं, बोलताना तुम्ही उजाडाच्या दिशेकडे पाठ केली होती.

वाफा खाली बसतो, हे नातसुनेला अजून माहीत नाही. भाजी निघते, पाणी मुरतं, आणि वर्षाकाठी चार बोटं उंची जाते. आपल्या रानातली काळी माती घातली तर उन्हात फाटते आणि पावसात चिकटते. म्हणून पांढरी. नाल्याच्या पलीकडे ते उजाड टेकाड, कधीकाळचं गाव. का उठलं ते कुणी धड सांगत नसे, कुणी म्हणायचं पटकी, कुणी म्हणायचं पाणी आटलं, आणि तुम्ही म्हणायचात, "लोक गेले, चुली ऱ्हायल्या." त्या चुलींची, गोठ्यांची, उकिरड्यांची राख मुरून ती माती झालेली. हातात घेतली की पिठासारखी मऊ. पण वरचा थर दगडासारखा कडक, कुदळ उडायची. चांगली माती खाली, कमरेच्या उंचीला. म्हणून सगळे खालून खणायचे, आणि टेकाडाला ती खोल खोबण पडलेली. उंदराने खालून पोखरलेल्या भाकरीसारखं दिसायचं ते. वरून पापुद्रा शाबूत.

तुमचा एक नेम होता. मातीत खापर निघालं, बांगडीचा तुकडा निघाला, हाड निघालं, तर ते पाटीत येऊ द्यायचं नाही. बाजूला काढायचं आणि परत निघताना टेकाडाच्या पायथ्याशी निंबाखाली ठेवून यायचं. "माणसाच्या हातचं माणसाजवळ ऱ्हाऊ द्याव. आपल्याले फकस्त माती पाहिजे." एकदा मला मातीचा बैल सापडला, बोटाएवढा, एक शिंग मोडलेलं. मी तो ओच्यात लपवला. तुम्ही न बघताच म्हणालात, "ठेवून ये." मला आजवर कळलं नाही तुम्हांला कसं दिसलं. मला तुमची भीती वाटायची ती अशी. तुम्ही रागवायचात म्हणून नाही. तुम्हांला दिसायचं म्हणून.

दुसरा नेम माझ्याकडे होता. खणायच्या आधी कुणीतरी वर चढून टेकाडाची कड बघून यायचं. भेग पडलेली असेल तर त्या दिवशी खालच्या खोबणीत कुणी शिरायचं नाही. दुसऱ्या बाजूने नवीन तोंड पाडायचं, म्हणजे आठ-दहा दिवस नुसता कडक थर फोडत बसायचं. तुमचे गुडघे गेलेले, माझे डोळे तरणे. मी वर जायची, बाभळीपासून पलीकडच्या बोरीपर्यंत कड बघत चालायची, आणि वरून ओरडायची, "साफ हाय!" मग खाली तुम्ही पदर खोचायचात. माझ्या एका शब्दावर तुम्ही त्या खोबणीत वाकत होतात. तेव्हा मला त्याचं वजन कळत नव्हतं असं म्हणायला सोपं जाईल. पण कळत होतं. मला ते आवडायचंसुद्धा. साऱ्या घरात माझा शब्द चालायचा तो तेवढाच.

चाची त्या वर्षी आपल्याबरोबर यायला लागली. पिंजाऱ्याची बायको, आपल्यामागच्या बोळातली. चाचा दिवसभर कापूस पिंजायचे, त्यांच्या दारातून त्या तारेचा तुणतुण आवाज यायचा, आणि चाचीच्या केसांत कायम पांढरा तंतू अडकलेला. तुमची आणि तिची मैत्री मला कधी नीट समजली नाही. दोघी बसायच्या त्या बहुतेक न बोलता. तिला भिंती पोतारायला पांढरी हवी होती, ईद तोंडावर आली होती. तुम्हीच म्हणालात, "चाल आमच्यासंगं. खोलातली घे, भिंतीले लय साजरी बसते." हे वाक्य तुम्ही पुढे किती वेळा स्वतःशी म्हणालात ते मी ऐकलेलं आहे.

त्याच दिवसांत तुम्ही मला वाफा दिलात. विहिरीच्या कडेला, जिथे घागरी घासायची जागा होती, तिथे तुम्ही स्वतः पऱ्हाट्या रोवून चौकट विणलीत आणि म्हणालात, "हा सतरावा तुहा. काय लावाचं, कवा तोडाचं, कोनाले द्याचं, मी इचारनार नाई." मी सोळा वर्षांची. त्या घरात माझं म्हणावं असं काही नव्हतं. पेटीसुद्धा तुमच्या खोलीत. मला माहेरी सांगायला काहीतरी मिळालं. तुम्हांला कधी सांगितलं नाही, पण दुपारी सगळे आडवे झाले की मी त्या रिकाम्या चौकटीशी जाऊन बसायची. भरायला चाळीस पाट्या माती लागणार होती. एकतीस पडल्या. नऊ राहिल्या.

आणि मधे मी तुमची बोलणी खाल्ली. मी वर गेले, मला कडेला एक रेघ दिसली, मी ओरडले, "भेग हाय!" चाची आणि तुम्ही, दोघी मागे सरलात. मग तुम्ही कशाबशा वर चढून आलात, बघितलंत, आणि तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. उन्हाने वरची माती तडकली होती, केसाएवढी. तुम्ही म्हणालात, "काऊन वं, येवढ्याले भेतं? अशानं वाफे भरतीन का?" चाची खालून हसली. तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. तो दिवस वाया गेला. पुढे कित्येक वर्षं मी मनाशी त्याच बोलण्याचा आधार धरला. तुम्ही मला भेकड ठरवलंत म्हणून पुढचं झालं, असं. खोटं आहे ते. बोलणी हे निमित्त. मला नऊ पाट्या हव्या होत्या.

सकाळ आहे. नाल्यात पाण्याची बारीक धार, तुमच्या डोक्यावर दोन रिकाम्या पाट्या, चाचीच्या खांद्यावर कुदळ. कालपासून आभाळ भरून येतं आहे आणि पडत नाही. चाची म्हणते, आज आणली नाही तर भिंती ईदनंतरच. मी वर चढते. बाभळीशी पोचते आणि मला ती दिसते. रेघ नव्हे. बाभळीपासून थेट बोरीपर्यंत, एका ओढीत. मी खाली बसून हात लावते. चार बोटं आत जातात, मग अख्खा तळवा जातो. आत गार आहे. मुंग्यांची रांग आतून बाहेर येते आहे, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. मी त्या मुंग्यांकडे बघत राहते. खालून तुमचा आवाज येतो, "पाह्यलं का वं?" मला दुसऱ्या बाजूचा कडक थर दिसतो, आठ-दहा दिवस दिसतात, तोवर पाऊस, आणि रिकामी चौकट. वाटतं, टेकाड काल पडलं नाही, परवा पडलं नाही, नऊ पाट्यांपुरतं काय पडतंय. मी भेगेतून हात काढते, लुगड्याला पुसते आणि ओरडते.

"साफ हाय!"

तुम्ही म्हणालात, "ये मंग खाली." मी आले. पहिल्या दोन पाट्या तुम्हीच भरल्यात. त्या तुम्ही आणि मी डोक्यावर घेऊन निघालो, आणि निघताना तुम्ही मागे वळून चाचीला म्हणालात, "अजून आत घे, तिकडची पांढरी हाय." आपण निंबाच्या पुढे गेलो असू. मोठा आवाज झाला नाही. पोतं उलटं करून धान्य ओतावं तेवढाच झाला, आणि मग पांढरी धूळ आपल्या पायांवरून पुढे गेली. तुमची पाटी पडली. माझी पडली नाही, आत्याबाई. मी ती डोक्यावर धरून तशीच उभी होते.

तुम्ही हातांनी उकरत होतात. शेतातले गडी धावून आले, चाचा आले, त्यांच्या अंगावर कापसाचे तंतू तसेच. तिला काढलं तेव्हा ती पांढरी झालेली होती, पापण्यांपर्यंत. मला त्याहून जास्त लिहायचं नाही. पाटील आले, त्यांनी घोंगडी टाकून तिथेच विचारपूस केली, ठाण्यात कळवायचं होतं. सगळं गाव उभं होतं. ते म्हणाले, "खनाच्या आंधी वर कोन पाह्यलं?" माझ्या घशात शब्द आला. कुठला, खरा की खोटा, ते मला आजही सांगता येणार नाही. कारण माझ्या आधी तुम्ही बोललात. "कोनीच नाई पाह्यलं, पाटीलसाहेब. मीच म्हनलं, रोज रोज काय पाहाचं. मीच तिले आत घे म्हनलं. चूक माही हाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तुम्ही मला वर जाताना पाहिलं होतं, माझी हाक ऐकली होती, हाकेला ओ दिली होती. आणि भर गावात तुम्ही ती हाक पुसून टाकलीत. मी खरंच बघितलं आणि मला दिसलं नाही, असं समजून मला वाचवलंत? की तुम्हांला तो मातीचा बैल दिसला तशी ती भेगही दिसली होती, माझ्या तोंडावर? पुढची अकरा वर्षं आपण एका चुलीवर भाकरी थापल्या आणि मी हे विचारलं नाही.

चाचा तिसऱ्या दिवशी दारात आले. तुम्ही उठून उभ्या राहिलात, काहीतरी बोलायला गेलात. ते म्हणाले, "माटी थी भाभी, गिर गई. तुम अपने जी को मत खाओ." ज्याचं गेलं त्याने असं म्हटलं. गावाने म्हटलं नाही. गाव म्हणालं, उजाडाची माती ओरबाडली, हावेने दुसऱ्याच्या बाईचा बळी घेतला. विहिरीवर तुम्ही आलात की बाया घागरी उचलायच्या. बाजारात तुमच्या जुडीला हात लावून लोक सोडून द्यायचे, आणि एकीने तर माझ्यासमोर म्हटलं, "हे मढ्याच्या मातीतलं हाय." तुम्ही ऐकलंत आणि सांभारावर पाणी शिंपडत राहिलात. मी तुमच्या शेजारी बसले होते. माझ्या एका वाक्याने ते तुमच्या डोक्यावरून उतरलं असतं आणि माझ्या डोक्यावर आलं असतं. मला माहेरी पाठवलं असतं, तुमच्या लेकाने दुसरी केली असती. मी भ्याले. ज्या भेगेला भ्याले म्हणून तुम्ही मला बोललात, तिची भीती यापुढे काहीच नव्हती.

तुम्ही पुन्हा पांढरी आणली नाहीत. वाफे बसत गेले. सोळाचे बारा झाले, बाराचे सात, आणि तुम्ही वाफ्यांतून पाय टाकून चालायला लागलात. ते बघवत नव्हतं.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी तुमच्याजवळ होते. ताप उतरत नव्हता. सकाळी मी पेजेची वाटी घेऊन आले की तुम्ही डोळे न उघडता विचारायचात, "पाह्यलं का वर?" पहिल्या दिवशी माझ्या हातातून वाटी पडली. मग तुम्ही रोजच विचारायला लागलात आणि उत्तर मिळेपर्यंत तोंड उघडत नव्हतात. मी काय करणार होते. मी म्हणायची, "हो आत्याबाई, साफ हाय." मग तुम्ही पेज घ्यायचात. पाच दिवस मी रोज सकाळी तेच खोटं तुम्हांला पुन्हा सांगितलं, आणि सहाव्या दिवशी विचारणारं कुणी राहिलं नाही.

आणखी एक आहे. ते या सगळ्यापुढे बारीक आहे, पण माझ्या मनात तेच जास्त बोचतं. चाची गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, भर दुपारी, तुम्ही आडव्या झालेल्या असताना मी एकटी उजाडावर गेले. पडलेली माती तशीच होती, भुसभुशीत, खणावीही लागत नव्हती. मी ती आणली. एकेक करत, चार दुपारी, उरलेल्या पाट्या. खापरं वेचली नाहीत, निंबाखाली काही ठेवलं नाही. वाफा भरला आणि मेथी पेरली. तुम्ही एकदा काठाशी येऊन उभ्या राहिलात आणि विचारलंत, "कुठली माती?" मी म्हटलं, "घरामागच्या ढिगातली." तुम्ही मान हलवलीत. मेथी अशी आली की पानावर पान मावेना. मी भाजी केली, तुम्हांला वाढली. तुम्ही ताट बाजूला सारलंत, "मले नको," आणि मिठाशी भाकरी खाल्लीत. त्या वाफ्यातलं पान तुम्ही मरेपर्यंत तोंडाला लावलं नाही. म्हणजे तुम्हांला माहीत होतं. निदान तेवढं तरी.

आता कालचं. नातू ताटावर बसून विचारत होता, आणू का पांढरी. नातसून माझ्याकडे बघत होती. सांगायला एवढा चांगला वेळ मला पुन्हा मिळायचा नाही. पोरांना टेकाडाखाली शिरू नका म्हणायचं, आणि का ते सांगायचं. मी म्हटलं, "नको रे. ती माती खारी आहे. त्यात भाजी कडू येते." त्याने मानलं. बाजारातून पोती आणतो म्हणाला. पोरं तिकडे जाणार नाहीत, एवढं झालं. हा कागद घडी करून मी बियाण्याच्या मडक्यात ठेवणार आहे, पाठवायचा कुठे?

कडू नव्हती, आत्याबाई. तुम्ही ताट सारलंत त्या दिवशी तुमच्या वाटणीचीही मीच खाल्ली. तेवढी गोड मेथी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.